मांडीतली खोल गाठ: 'आधी काढू, मग तपासू' यात नेमकं काय बिघडतं?

घाटमाथा_सर्जन

पेशंट ४६ वर्षांचा, शेतमजूर. उजव्या मांडीच्या मध्यावर, पुढून आतल्या बाजूला गाठ. सात महिन्यांपासून आहे, गेल्या दोन महिन्यांत झपाट्याने वाढली. दुखत नाही. टेपने उभी ९ सेंमी, आडवी ६ सेंमी. गुडघा ताठ करून मांडी आवळायला सांगितली की गाठ जागच्या जागी पक्की होते. सैल सोडली की आडवी थोडी हलते, उभी नाही. कातडी मोकळी, पायाच्या नाड्या व्यवस्थित, जांघेत गाठी नाहीत. साखर-बीपी काही नाही.

सोनोग्राफीचा रिपोर्ट: 'स्नायूच्या आतली गाठ, मिश्र घनता, आत रक्तप्रवाह, लायपोमा? जुना हीमॅटोमा?' म्हणजे चरबीची साधी गाठ की साकळलेलं रक्त. एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी) झाली, त्यात 'स्पिंडल सेल लीजन' एवढंच.

नातेवाईक म्हणतात, मोठ्या शहरात नको, इथेच काढा. हाताला गाठ चांगली कवचात बसल्यासारखी लागते. माझे प्रश्न:

१. स्पायनल (कमरेखालची भूल) देऊन पूर्ण गाठ काढली आणि रिपोर्ट वाईट आला तर पुढे पाठवलं, असं केलं तर नुकसान काय?
२. ट्रूकटच (जाड सुईची बायोप्सी) करायची तर कशी, कुठून?
३. एमआरआय लागतोच का? इथून ७० किलोमीटरवर आहे आणि खर्च त्यांना जड आहे.
४. सार्कोमा (स्नायू, चरबी अशा ऊतींचा कॅन्सर) निघाला तर पाय कापतात का? घरच्यांचा पहिला प्रश्न हाच आहे.


हाडमांस

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. काढू नका.

तुमच्या वर्णनात चार गोष्टी आहेत: गाठ ५ सेंमीपेक्षा मोठी, खोल फॅशियाच्या (स्नायूंवरच्या घट्ट पडद्याच्या) खाली, वाढणारी, आणि नाव न मिळालेली. यातली एकही असली तरी सार्कोमा धरून चालायचं, नाही निघाला तर आनंदच. 'दुखत नाही' यावर विसंबू नका. मऊ ऊतींचे बहुतेक सार्कोमा बराच काळ दुखतच नाहीत, म्हणून तर लोक सात-सात महिने थांबतात. प्रौढांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये सार्कोमा जेमतेम १ टक्का, आणि साध्या लायपोमा त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे 'लायपोमाच असेल' हा अंदाज एरवी बहुतेक वेळा खरा ठरतो आणि उरलेल्या वेळी पाय धोक्यात येतो.

आता ते कवच. सार्कोमा फुगत जाताना आजूबाजूचा स्नायू दाबला जातो, चपटा होतो आणि गाठीभोवती पापुद्रा तयार झाल्यासारखं दिसतं. ते खरं कवच नाही. त्या पापुद्र्यात ट्यूमरच्या पेशी असतात, त्याच्या बाहेरच्या सुजलेल्या थरातही असतात. बोट फिरवलं की गाठ फणसातल्या गऱ्यासारखी सुटून येते, ऑपरेशन चाळीस मिनिटांत होतं, सगळे खूश. आणि पापुद्रा आत राहतो. अशा 'न ठरवता' काढलेल्या गाठींच्या जागी पुन्हा ऑपरेशन केलं तर बऱ्याच जणांत सूक्ष्मदर्शकाखाली ट्यूमर उरलेला सापडतो.

त्यावर आणखी भर पडते ती अशी:

छेद आडवा घेतला असेल तर पुढच्या वेळी तो सगळा व्रण उभ्या लंबगोलात काढावा लागतो. जी कातडी सहज शिवली गेली असती तिथे फ्लॅप किंवा ग्राफ्ट (दुसरीकडून आणलेली ऊती किंवा कातडी) लागतो.

ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) लांबून, बाजूने काढला असेल तर त्याची पूर्ण वाट दूषित धरली जाते. तीही काढायची, रेडिएशनच्या फील्डमध्येही घ्यायची.

रक्त नीट थांबवलं नाही तर हीमॅटोमा जिथवर पसरला तिथवर पेशी गेल्या असं मानावं लागतं. मांडीत तो गुडघ्यापर्यंत उतरतो.

गाठ मध्येच फुटली किंवा तुकड्यांत काढली, तर स्नायूंच्या एका कप्प्यातला आजार दोन कप्प्यांत गेला.

आता ट्रूकट. माझं पहिलं मत हेच, की ज्या ठिकाणी ऑपरेशन होणार तिथेच बायोप्सी व्हावी. मॅन्किन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ५९७ पेशंटचा आढावा छापला होता. बायोप्सी बाहेर करून मग पाठवलेल्यांत चुका आणि गुंतागुंत उपचार-केंद्रात केलेल्यांपेक्षा २ ते १२ पट जास्त होती. तरीही तुम्हालाच करायची वेळ आली तर अशी करा:

एमआरआय आधी, सुई नंतर. प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याच्या तपासण्या) बघून घ्या. सुई १४ गेजची, नसेल तर १६. शक्यतो सोनोग्राफीखाली.

जागा ठरवताना उद्याच्या ऑपरेशनचा उभा छेद पेनने कातडीवर काढा आणि सुई त्या रेषेवरच घाला. तुमच्या पेशंटची गाठ बहुधा व्हॅस्टस मीडियालिसमध्ये (मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूत) आहे. सरळ त्याच स्नायूतून आत जा. रेक्टस फीमोरिसमधून जाऊ नका, तो स्नायू वाचवायचा असतो. सार्टोरियसच्या बाजूने तिरकंही जाऊ नका, त्याच्या खाली फीमोरल रक्तवाहिन्या आहेत. दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून सुई नेणं सोपं वाटतं, पण तसं केलं तर दोन्ही बाजू खराब होतात.

लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) त्याच वाटेत द्या, चारी बाजूंनी फुगवू नका. ११ नंबरच्या ब्लेडने २-३ मिमीचा उभा छेद. एकाच भोकातून, सुईची दिशा थोडी थोडी बदलत ५-६ कोअर (ऊतीचे बारीक लांबट तुकडे). मधोमध गाठ बहुतेक वेळा मेलेली असते, तिथून नुसता नेक्रोसिस (मेलेली ऊती) येतो. कडेचा, रक्तप्रवाह असलेला घट्ट भाग घ्या. पांढरट, माशाच्या मांसासारखा, पाण्यात न तरंगणारा कोअर हवा. पिवळा आणि तरंगणारा आला तर चरबी. नंतर घड्याळ लावून १० मिनिटं दाबून धरा. भोकाच्या जागेचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा, कारण तीन आठवड्यांत ती खूण दिसेनाशी होते आणि ऑपरेशनला तीच शोधावी लागते.

उघडी बायोप्सी शेवटचा पर्याय. केलीच तर उभा २-३ सेंमीचा छेद, कातडी बाजूला सोलायची नाही, टूर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) लावलं तर आधी पाय पट्टीने पिळायचा नाही, आणि ड्रेन लागलाच तर जखमेच्या टोकाशी, त्याच रेषेत.


फिल्मवाला

एमआरआयचं. होय, लागतोच. ७० किलोमीटर जा म्हणावं. सोनोग्राफीवर 'लायपोमा की हीमॅटोमा' असं लिहिणारा रेडिओलॉजिस्ट खरं तर सांगतोय की मला कळलं नाही.

बायोप्सीच्या आधी करायचा, कारण सुईनंतरचं रक्त आणि सूज टी२वर (एमआरआयच्या एका तऱ्हेच्या चित्रावर) ट्यूमरसारखीच चमकते आणि गाठीची खरी हद्द पुसली जाते. मागणीपत्रावर नुसतं 'एमआरआय मांडी' लिहू नका. हे लिहा: काँट्रास्टसह (शिरेतून द्यायचं रंगद्रव्य), टी१, चरबी दाबलेला टी२ किंवा स्टर, तिन्ही प्रतलांत, गाठीच्या दोन्ही टोकांना कातडीवर मार्कर, एका उभ्या चित्रात जवळचा सांधा दिसला पाहिजे, नाहीतर सर्जनला अंतर मोजता येत नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) सोबत पाठवा.

रिपोर्टमध्ये मागून घ्यायच्या गोष्टी: तिन्ही मापं, खोल फॅशियाच्या वर की खाली, कोणता कप्पा, फीमोरल धमनी-शिरेला गाठ टेकली आहे की निम्म्याहून जास्त घेराने वेढलंय, हाडाचं आवरण, आणि गाठीबाहेरची सूज कुठपर्यंत.

तीन सापळे नेहमीचे आहेत.

एक, 'हीमॅटोमा'. मार नाही, रक्त पातळ करायची गोळी नाही आणि तरी स्नायूत आपोआप रक्त साठलं, असं सहसा होत नाही. आतून रक्तस्राव झालेला सार्कोमा असा दिसतो. मार लागल्याचा इतिहास असला तरी सहा-आठ आठवड्यांत हीमॅटोमा लहान व्हायला हवा. तेवढाच राहिला किंवा वाढला तर तो हीमॅटोमा नाही. मार लागल्याने सार्कोमा होत नाही. मार लागल्यावर लोक तिथे हात फिरवून बघतात आणि आधीचीच गाठ सापडते.

दोन, 'सिस्ट'. मिक्सॉइड (जेलीसारख्या ऊतीच्या) गाठी टी२वर पाण्यासारख्या पांढऱ्याशुभ्र असतात. काँट्रास्ट न देता वाचलं तर गँगलिऑन (सांध्याजवळची साधी पाण्याची गाठ) म्हणून रिपोर्ट जातो. काँट्रास्टनंतर आतून रंगली तर सिस्ट नव्हे.

तीन, चरबीची गाठ. पूर्ण चरबीसारखी दिसणारी, पण आत २ मिमीपेक्षा जाड पडदे किंवा गोळे असलेली खोल गाठ असेल तर लायपोमा म्हणून सोडू नका. वेल डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमाची (चरबीच्या सार्कोमाची) शंका लिहून पाठवा.

मांडीचा साधा एक्स-रेही काढा, फुकटात पडल्यासारखा आहे. सायनोव्हियल सार्कोमात सुमारे एक तृतीयांश वेळा चुन्याचे ठिपके दिसतात. हीमँजिओमात (रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठीत) गोल गोल फ्लेबोलिथ (शिरेतले खडे). मायोसायटिस ऑसिफिकन्समध्ये (स्नायूत हाड तयार होण्याचा साधा आजार) कडेला पक्कं हाड आणि मध्ये मोकळं. या शेवटच्याची पहिल्या काही आठवड्यांत बायोप्सी केली तर पॅथॉलॉजिस्टलाही ऑस्टिओसार्कोमाचा भास होऊ शकतो, म्हणून फिल्म आधी बघा.

छातीचा सीटी बायोप्सीत सार्कोमा आल्यावर. सार्कोमा रक्तातून पसरतो आणि पहिला मुक्काम फुप्फुसात. लिम्फ नोडमध्ये सहसा जात नाही, सार्कोमाचे हे प्रकार अपवाद: सायनोव्हियल, क्लिअर सेल, अँजिओ, ऱ्हॅब्डो आणि एपिथेलॉइड. मिक्सॉइड लायपोसार्कोमाची वेगळीच तऱ्हा: तो फुप्फुस सोडून पाठीचा कणा, पोटामागची चरबी असा फिरतो, आणि कण्यातला आजार पेट स्कॅनवर सुटू शकतो. त्याला पूर्ण कण्याचा एमआरआय.


घाटमाथा_सर्जन

आभार. एक्स-रे आजच काढतो. एफएनएसी आधीच झालीय, त्याने आजार पसरला का? आणि 'स्पिंडल सेल' म्हणजे सार्कोमा नक्की धरायचा का? पॅथॉलॉजीवाल्यांनी सांगावं.


फॉर्मॅलिन

बारीक सुईने पसरला असं धरू नका, पण ती जागा सर्जनला दाखवून ठेवा.

'स्पिंडल सेल' हे निदान नाही, पेशीचा आकार आहे. दोन्हीकडे निमुळती, लांबट पेशी. न्यूरोफायब्रोमासारख्या साध्या गाठीत ती असते, श्वानोमात असते, नोड्युलर फॅसायटिसमध्ये असते, लिओमायोसार्कोमात, सायनोव्हियल सार्कोमात, एमपीएनएसटीमध्ये (नसेच्या आवरणाचा सार्कोमा), अगदी मेलॅनोमातसुद्धा (कातडीचा कॅन्सर). 'पांढरी टोपी घातलेला माणूस' एवढ्या वर्णनावर वारीत कुणाला शोधण्यासारखं आहे ते. एफएनएसीत सुट्या पेशी येतात, त्यांची मांडणी येत नाही, आणि ग्रेड (गाठ किती आक्रमक) मांडणीशिवाय ठरत नाही. एफएनएसी कामाची आहे ती आधी निदान झालेल्या पेशंटमध्ये पुन्हा गाठ आली किंवा जांघेत नोड लागला तर.

कोअर आल्यावर आम्ही काय करतो ते थोडक्यात, म्हणजे रिपोर्टला दहा-बारा दिवस का लागतात ते नातेवाइकांना सांगता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हाड आणि मऊ ऊतींच्या गाठींचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. आधी साधी स्लाइड, मग इम्युनो (पेशीतली ठरावीक प्रथिनं दाखवणारे डाग). डेस्मिन आणि मायोजेनिन लागलं तर ऱ्हॅब्डो (स्नायूपेशींसारखा सार्कोमा). एसएमए-डेस्मिन लिओमायोकडे नेतं. केरॅटिनचे ठिपके आणि टीएलई१ असेल तर सायनोव्हियलचा विचार. एस१०० दाट आणि सगळीकडे असेल तर श्वानोमा किंवा मेलॅनोमा. विरळ असेल किंवा नसेलच तर एमपीएनएसटी. स्टॅट६ केंद्रकात लागलं तर सॉलिटरी फायब्रस ट्यूमर. सीडी३१ आणि ईआरजी रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवतात. कुठल्याही एका डागावर निदान होत नाही, संच बघायचा.

मग जनुकं. सायनोव्हियलमध्ये एक्स आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल, मिक्सॉइड लायपोसार्कोमात १२ आणि १६, डीएफएसपीत (कातडीचा एक सार्कोमा) १७ आणि २२, युइंगमध्ये ११ आणि २२. वेल डिफरन्शिएटेड आणि डीडिफरन्शिएटेड लायपोसार्कोमात एमडीएम२ वाढलेलं असतं, ते फिश (जनुकांना चमकता रंग लावून बघणं) या तपासणीत दिसतं. ही तपासणी मेणाच्या ब्लॉकवर होते, ताजा तुकडा लागत नाही. जाता जाता: सायनोव्हियल सार्कोमा सांध्याच्या सायनोव्हियमपासून निघत नाही, नाव जुन्या गैरसमजातून पडलंय. गुडघ्याजवळ असतो खरा, पण सांध्याच्या आत क्वचितच. तो वर्षानुवर्षं हळू वाढू शकतो, म्हणून 'पाच वर्षांची गाठ आहे, म्हणजे साधीच' हेही खरं नाही.

ग्रेड आकड्यांनी काढतात, अंदाजाने नाही. फ्रेंच पद्धत वापरतात:

पेशी मूळ ऊतीशी किती मिळतीजुळती: १ ते ३ गुण.
दहा मोठ्या फील्डमध्ये विभाजन होणाऱ्या पेशी: ० ते ९ असतील तर १, १० ते १९ ला २, २० किंवा जास्तला ३.
नेक्रोसिस: नाही तर ०, निम्म्यापेक्षा कमी तर १, निम्मा किंवा जास्त तर २.

बेरीज २-३ आली तर ग्रेड १, ४-५ ला ग्रेड २, ६ ते ८ ला ग्रेड ३. समजा सायनोव्हियल आहे. त्याला पहिल्या रकान्यात ३ ठरलेलेच. विभाजनं १२, म्हणजे २. थोडा नेक्रोसिस, म्हणजे १. बेरीज ६, ग्रेड ३. कोअरमध्ये नेक्रोसिस हुकला तर हीच बेरीज ५ येते. म्हणून कोअरवर ग्रेड २ आणि एमआरआयवर आत मोठा मेलेला भाग, असं असेल तर दोन्ही कागद शेजारी ठेवून बोलावं लागतं. रेडिएशन किंवा केमोनंतर काढलेल्या गाठीवर ग्रेड लावत नाहीत.

आता तुमच्या हातातलं. फॉर्मॅलिन १० टक्के, बफर असलेलं, नमुन्याच्या किमान दहापट. बाजारातलं कडक फॉर्मॅलिन ३७ ते ४० टक्क्यांचं असतं. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, यालाच १० टक्के फॉर्मॅलिन म्हणतात. ते तसंच ओतलं तर तुकडा बाहेरून टणक होतो आणि आत कच्चा राहतो, मग इम्युनो लागत नाही. सलाइनमध्ये ठेवून रात्रभर एसटीने पाठवलेला कोअर म्हणजे बायोप्सी न केल्यासारखीच. सहा तासांच्या आत काढू नये, ७२ तासांपेक्षा जास्त त्यात ठेवू नये.

आणि फॉर्मवर 'गाठ, मांडी' असं लिहू नका. वय, बाजू, खोल की वरवर, माप, किती महिने, एमआरआयचा निष्कर्ष, पूर्वी कुठे रेडिएशन झालं होतं का, घरात न्यूरोफायब्रोमॅटोसिस (नसांवर गाठी येणारा आनुवंशिक आजार) आहे का. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का ते शर्ट काढून बघा. असतील तर एमपीएनएसटी यादीत वर जातो.


पन्नास_ग्रे

चौथा प्रश्न राहिला होता. पाय कापतात का?

बहुतेक वेळा नाही. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतून एक छोटा पण निर्णायक अभ्यास छापला गेला. ४३ पेशंट, १६ जणांचा पाय किंवा हात कापला, २७ जणांचा वाचवून गाठ रुंद मार्जिनने (भोवतीच्या निरोगी ऊतीसह) काढली आणि रेडिएशन दिलं. पाच वर्षांनी जिवंत राहण्याचं प्रमाण ८८ आणि ८३ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राने फरक नाही. वाचवलेल्यांपैकी चौघांना त्याच जागी गाठ परत आली, कापलेल्यांत कुणाला नाही. म्हणजे अवयव कापल्याने त्या जागेचा आजार जास्त आवरतो, पण माणूस जास्त जगत नाही, कारण जीव जातो तो फुप्फुसातल्या आजाराने. आज कापायची वेळ येते ती मुख्य नस, रक्तवाहिनी, हाड सगळंच गुंतलं असेल आणि उरलेला पाय चालण्याच्या कामाचाच राहणार नसेल तेव्हा. नुसती फीमोरल धमनी गुंतली असेल तर ती बदलताही येते.

रेडिएशन दोन तऱ्हेने. ऑपरेशनच्या आधी ५० ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक), रोज २ प्रमाणे २५ दिवस, म्हणजे पाच आठवडे; मग चार ते सहा आठवडे थांबून ऑपरेशन. किंवा ऑपरेशननंतर जखम पूर्ण भरल्यावर ६० ते ६६ ग्रे, सहा-साडेसहा आठवडे. कॅनडातल्या अभ्यासात, २००२ मध्ये छापलेल्या, दोन्हींची समोरासमोर तुलना झाली. आधी दिलेल्यांत जखमेची गुंतागुंत ३५ टक्के, नंतर दिलेल्यांत १७. पण नंतर दिलेल्यांत डोस मोठा आणि फील्ड लांब, त्यामुळे पुढे पाय कडक होणं, सूज, सांधा आखडणं जास्त. जखम आज ना उद्या भरते, कडक झालेली मांडी परत मऊ होत नाही. माझा कल आधी देण्याकडे.

लहान, वरवरची, कमी ग्रेडची गाठ चांगल्या मार्जिनने निघाली तर रेडिएशन लागतही नाही. तुमच्या पेशंटला मात्र, ९ सेंमी आणि खोल, ग्रेड २ किंवा ३ निघाला तर ते बहुधा लागेलच.

फील्ड आखताना मांडीचा पूर्ण घेर कधीच घेत नाही. कातडीची एक उभी पट्टी मोकळी सोडतो, लिम्फ वर जायला वाट राहावी म्हणून. ती नसेल तर पाय हत्तीरोगासारखा सुजतो. आता समजा कुणी आडवा छेद घेतलाय आणि ड्रेन मागून काढलाय. व्रण आणि ड्रेन दोन्ही फील्डमध्ये घ्यायचे तर ती पट्टी उरतेच कुठे?


हाडमांस

रेडिएशन आधी की नंतर, यावर थोडा मतभेद नोंदवतो. हात किंवा धडावरच्या गाठींना आधी द्या, हरकत नाही. मांडीचा आतला भाग, त्यातही जांघेजवळचा, जखमेसाठी सगळ्यात वाईट. त्यात साखर, तंबाखू, कमी प्रथिनं यांची भर. ३५ टक्के हा सरासरी आकडा, या जागेला तो आणखी वर जातो. आधी देणार असाल तर ऑपरेशनच्या दिवशी प्लास्टिक सर्जन हजर हवा आणि रेडिएशन न झालेला स्नायू आणून झाकायची तयारी हवी. ती सोय नसेल तर मी आधी ऑपरेशन करीन आणि गाठीच्या खड्ड्यात चारी बाजूंना रेडिएशनसाठी खुणेच्या क्लिप लावून तुमच्याकडे पाठवीन.


पन्नास_ग्रे

क्लिप लावणार असाल तर भांडण नाही. टायटॅनियमच्या लावा, सीटीवर चमक कमी येते. आणि फीमर (मांडीचं हाड) डोसमध्ये येतो हे पेशंटला आधी सांगा, विशेषतः ऑपरेशनमध्ये हाडाचं आवरण सोललं असेल तर. अशी हाडं काही वर्षांनी किरकोळ धडपडीत मोडतात आणि लवकर जुळत नाहीत.


जुनीवही

शेजारच्या तालुक्यातून आलेली केस: 'लायपोमा' म्हणून ६ सेंमीची गाठ काढून झाली, टाके निघाले, आणि आता रिपोर्ट 'हाय ग्रेड सार्कोमा, मार्जिनला लागलेला'. आता काय?


हाडमांस

घाईने दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडू नका. आधी तीन कागद गोळा करा: काढण्यापूर्वीचं काहीही चित्र, अगदी सोनोग्राफीसुद्धा, मूळ ऑपरेशन नोट, आणि पॅथॉलॉजीचे ब्लॉक. ज्यांनी काढली त्यांना फोन करून विचारा: गाठ अखंड निघाली का तुकड्यांत, फॅशिया उघडला होता का, कोणता स्नायू, ड्रेन कुठून. हे विचारताना दोष देण्याचा सूर नको, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही. मग काँट्रास्टचा एमआरआय आणि छातीचा सीटी. एमआरआय 'स्वच्छ' आला तरी आत काही उरलं नाही असं ठरत नाही. सूक्ष्म आजार त्यावर दिसत नाही.

पुढे पूर्ण जुना व्रण, ड्रेनची वाट आणि खालचा खड्डा एका तुकड्यात काढायचा, भोवती सुमारे १-२ सेंमी निरोगी ऊती किंवा एक अखंड फॅशिया ठेवून, आणि रेडिएशन जोडायचं. असं वेळेवर केलं तर अनेकांचं पुढचं चांगलं जातं. किंमत मोजावी लागते ती मोठ्या जखमेची, फ्लॅपची आणि लांबलेल्या उपचाराची.


फॉर्मॅलिन

पुन्हा काढलेला तुकडा ऑपरेशन थिएटरमध्येच कापून बघू नका. दिशा दाखवायला टाके घाला, उदाहरणार्थ वर आखूड आणि बाहेरच्या बाजूला लांब, आणि तेच फॉर्मवर लिहा. शाई आम्ही लावतो. दिशा नसलेल्या तुकड्यावर 'मार्जिन लागलेला' लिहून उपयोग काय, कुठला मार्जिन ते तुम्हाला कळणारच नाही.


आयव्ही_लाइन

केमोबद्दल कुणी बोललं नाही, ते बरंच झालं, कारण प्रौढांच्या बहुतेक प्रकारांत ती मुख्य उपचार नाही. ऱ्हॅब्डो आणि युइंगमध्ये मात्र केमोशिवाय चालतच नाही, तिथे आधी ऑपरेशन करणं ही बहुतेक वेळा चूक. मोठ्या, खोल, ग्रेड ३ गाठीत प्रकार बघून विचार होतो. सायनोव्हियल आणि मिक्सॉइड लायपो त्यातल्या त्यात ऐकतात.

पाया डॉक्सोरुबिसिनचा, एकट्याने दिलं तर ७५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर, दर तीन आठवड्यांनी. आयुष्यभराची बेरीज ४५० ते ५५० च्या पुढे नेत नाहीत, हृदय फुगतं. म्हणून पहिल्या डोसआधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). आयफॉसफामाइड जोडलं तर मेस्ना (मूत्राशय वाचवणारं औषध) आणि भरपूर सलाइन बरोबर हवंच, नाहीतर लघवीतून रक्त. पेशंट तरुण असेल तर वीर्य किंवा अंडी साठवण्याचं पहिल्या डोसच्या आधी बोला. नंतर विचारून उपयोग नसतो. पॅझोपॅनिब लायपोसार्कोमात वापरत नाहीत, बाकी काही प्रकारांत पसरलेल्या आजाराला देतात. अँजिओसार्कोमाला पॅक्लिटॅक्सेल.

उपचारानंतर पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी हात लावून तपासणी आणि छातीचं चित्र, मग पाच वर्षांपर्यंत सहामाही, पुढे वर्षातून एकदा. फुप्फुसात एक-दोनच गाठी आल्या तर त्याही काढता येतात, म्हणून 'पसरला म्हणजे संपलं' असं नातेवाइकांना सांगू नका.


घाटमाथा_सर्जन

ठरलं. इथे काढत नाही. एक्स-रेत चुना नाही, हाड ठीक. एमआरआय परवा, ट्रूकट तिकडेच. नातेवाइकांना पाय वाचतो हे सांगितल्यावर ते लगेच तयार झाले. बरोबर काय काय देऊ? आणि एक: गावात कुणीतरी रोज तेलाने चोळून शेक देतंय.


हाडमांस

ते आजपासून बंद. चोळणं, शेक, जळवा, घट्ट पट्टी, सुईने 'पाणी काढणं', काहीच नको. त्याने आतल्या आत रक्त साठतं आणि हद्द बिघडते. तेल लावायचंच असेल तर डाव्या पायाला लावा म्हणावं.

बरोबर एका पानाची चिठ्ठी द्या: माप आणि ते कोणत्या तारखेला घेतलं, कधीपासून, एफएनएसीची तारीख आणि नेमकी जागा, काय केलं आणि काय मुद्दाम नाही केलं. एमआरआयच्या फिल्मबरोबर सीडी मागून घ्या, फिल्मवर मापं घेता येत नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयात हाड आणि मऊ ऊतींच्या गाठींसाठी वेगळा गट आहे, जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ऑन्कोसर्जन असेल तर तिथेही चालेल. मुद्दा एवढाच, की सर्जन, रेडिएशनवाला आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून बोलणारे हवेत. रेशनकार्ड आणि आधारची मूळ प्रत सोबत असू द्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आधी मंजुरी लागते आणि त्यासाठी बायोप्सीचा कागद जोडावा लागतो. ऑपरेशन आधी उरकून मग पैसे मागता येत नाहीत.


फॉर्मॅलिन

एफएनएसीच्या स्लाइडही द्या, रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या दोन्ही. आणि जुनीवही यांच्या पेशंटसाठी: ब्लॉक मागताना प्रयोगशाळेला लेखी अर्ज करा, नंबर तपासून सही करून घ्या. ब्लॉक मेणाचा असतो. मे महिन्यात बंद गाडीत काचेखाली ठेवू नका, मऊ पडून चिकटतो. कापसात गुंडाळून डब्यात, आणि डबा हातातल्या पिशवीत.